सिस्टरच्या उशाशी नळी

दिवसा झोपणाऱ्या बाईने पत्रे ठोकणाऱ्याच्या शेजारी राहू नये, एवढं कुणालाही कळतं. पण सिस्टर त्या घरात आधी आली होती आणि पत्रेवाला मागाहून, मग यात तिचं काय चुकलं?

गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणायचे. मोठ्या इस्पितळात ती रात्रपाळीला होती, ऑपरेशन झालेल्या माणसांच्या वॉर्डात. रात्रभर कुणाचं सलाइन बघ, कुणाची कूस बदलून दे, कुणाला "आता थोडंच सोसायचंय हं" म्हण, आणि सकाळी घरी येऊन कपभर चहा पोटात घालून आडवी हो. ती आडवी झाली की पलीकडे सुरू. धाड! मग जरा गप्प. आता डोळा लागतोय असं वाटावं, की पुन्हा धाड! एकसारखा ठोकत राहिला असता तरी माणूस सवय करून घेतो. हा ठोकायचा, थांबायचा, पत्रा उलटा करून न्याहाळायचा, आणि शेजारची बाई झोपली अशी खात्री पटल्यासारखा पुन्हा ठोकायचा.

बरं, पत्रेवाला माणूस वाईट असता तर कडाकडा भांडून मोकळं होता आलं असतं. तोही सज्जन. मोठ्या इमारतींत गार हवा फिरवायला पत्र्याची नळकांडी लागतात, ती तो बनवायचा. "वहिनी, तुम्हाला त्रास होतो ना? मी पत्र्याखाली गोणपाट घालतो," असं आपण होऊन म्हणाला, आणि खरंच घातलं. त्याने फरक एवढाच पडला की धाडच्या जागी धप्प ऐकू यायला लागलं. कानात कापूस झाला, डोक्यावर उशी झाली, कपाटाच्या आडोशाला गादी टाकून झाली. कशाने काही होईना.

आणि नवरा काय, तर गवंडी! लोक त्यांना मिस्त्री म्हणायचे, हाताला गुण आहे म्हणायचे. आसपासच्या अर्ध्या भिंती त्यांनी उभ्या केलेल्या. बायकोला मात्र "मागच्या अंगणात तुला झोपायला खोली बांधून देतो" हे पत्रेवाला आल्या दिवसापासून सांगत होते. हे काम हातावेगळं होऊ दे, ते काम होऊ दे. लोकांची घरं उठत राहिली आणि अंगणात वाळूचा ढीग मांजरांच्या कामी येत राहिला.

एका पहाटे वॉर्डात सिस्टर एका म्हाताऱ्या पेशंटला थर्मामीटर लावून उभी होती. उभ्या उभ्या तिचा डोळा लागला. म्हातारा बिचारा तोंडात ती काडी धरून बसला, आणि बऱ्याच वेळाने त्यानेच तिची बाही ओढली. हे मेट्रनने पाहिलं. बाजूला बोलावून म्हणाली, "आज थर्मामीटर होता म्हणून निभावलं. उद्या हातात औषध असेल. पुन्हा अशी पेंगताना दिसलात तर वॉर्डातून काढून कपड्यांच्या खोलीत बसवीन. चादरी मोजायला."

सिस्टरला राग आला नाही, कारण मेट्रनचं एक अक्षर खोटं नव्हतं. पण त्या वॉर्डावर तिचा जीव होता. शुद्धीवर येणारं माणूस डोळे उघडून पहिलं तोंड बघतं ते तिचं, याची तिला मनातून फार ऐट होती.

घरी आल्या आल्या तिने पर्स टेबलावर आपटली. "अहो, मला खोली हवी. तुम्हाला सवड नसेल तर नसू दे, मी दुसऱ्या कुणाकडून बांधून घेते."

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. "दुसऱ्याकडून? म्हणजे गावाने मला हसावं?"

"गाव हसेल. मी झोपेन. ज्याचं त्याला."

दुसरी कुणी म्हणजे नणंदेची मुलगी निघाली. मिस्त्रींची सख्खी भाची. आधी शीतगृहं बांधणाऱ्यांकडे नोकरी केलेली, आता स्वतःची चार माणसं घेऊन घरं बांधायची. ती एक नमुना काखेत मारून आली. पांढऱ्या फोमचे दोन जाड तक्ते, मधे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी अंतर राखून जोडलेले. आत पोकळ.

मिस्त्रींनी तो ठोकळा एका बोटावर तोलून धरला. "हे काय आणलंस? नवीन टीव्ही आला की आपण फेकून देतो ते?"

"मामा, हा साचा आहे. एकावर एक रचायचे, हे दात एकमेकांत बसतात. पोकळीत सळ्या उभ्या करायच्या आणि वरून काँक्रीट ओतायचं. काँक्रीट ही भिंत, आणि साचा काढायचा नाही, तो दोन्ही अंगांनी तसाच राहतो. थंडी नको, ऊन नको, आवाज नको."

"फुंकर मारली तर उडेल."

"ओतायच्या आधी तुम्हीसुद्धा उडवाल. ओतल्यावर घण आणा."

सिस्टरने एवढंच विचारलं, "आवाजाचं नक्की ना गं?"

"मामी, हमरस्त्याला लागून बांधलंय मी असं घर. आत बसलं की ट्रक जाताना दिसतो. ऐकू येत नाही."

"ठरलं," सिस्टर म्हणाली आणि कपाटाच्या आडोशाला झोपायला गेली. म्हणजे पडायला गेली. पलीकडे धप्प सुरू झालंच होतं.

मिस्त्रींनी अट घातली की काम करायचं तर आपल्याच हाताने. परक्या हाताच्या भिंतीत बायको झोपली तर तोंड कुठे लपवायचं? भाचीने कपाळाला हात लावला, पण मामा तो मामा. तिने हो म्हटलं.

मग जे सुरू झालं त्याला नाव नाही. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी ठोकळे पाण्याच्या पिंपात भिजत घातले. जन्मभर विटा भिजवल्या, हात आपोआप तिकडे वळला. ठोकळे बुडतायत कसले! बदकांसारखे तरंगायला लागले. मिस्त्री एकेकाला दाबून खाली नेतायत, तो बाजूने उसळून वर येतोय. इस्पितळातून परतलेली सिस्टर फाटकात उभी राहून बघत होती. हसावं एवढंही त्राण तिच्यात नव्हतं.

"अहो, काय करताय?"

"भिजवतोय."

"कशाला?"

मिस्त्रींनी थोडा विचार केला. "धूळ असते," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ठोकळा बसावा म्हणून थापीच्या मुठीने टोले दिले. फोमला खळगे पडले. भाचीने थापी हातातून काढून घेतली, ती त्यांनी परत घेतली. तिने भिंत सरळ राहायला आतल्या बाजूने लोखंडी टेकू लावले, त्यावर चालायला फळ्या टाकल्या. मिस्त्रींना ते पटेना. भिंत बाहेरून डोळ्याने बघितल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडायचं नाही. म्हणून पत्रेवाल्याकडच्या बाजूला त्यांनी आपली परांची बांधलीच, आणि बांधली ती विटांच्या भिंतीला बांधतात तशी. आडव्या लोखंडी पाइपाचं एक टोक बाहेरच्या उभ्या खांबाला, आणि दुसरं भिंतीत. विटांच्या कामात हे रोजचंच आहे. काम संपलं की पाइप ओढून घ्यायचा आणि राहिलेलं भोक बुजवायचं. इथे त्यांनी करवतीने फोमला गोल भोक पाडलं आणि पाइप आरपार घुसवला.

भाचीची नजर गेलीच. "मामा, काँक्रीट पडायच्या आधी हा पाइप निघाला पाहिजे हं. नाहीतर तो भिंतीचाच होऊन बसेल."

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. आठवण करते."

"काढतो म्हटलं ना!"

उशी काखेत घेऊन उभ्या असलेल्या सिस्टरने हे ऐकलं. आपणही आठवण करू, असं तिने मनाशी ठरवलं. पण झोपमोड झालेल्या डोक्यात ठरवलेलं कुठे टिकतं? भाजीची पिशवीसुद्धा ती अधूनमधून दुकानात विसरून येत होती.

काँक्रीट ओतायच्या दिवशी सकाळीच लांब सोंडेची पंपाची गाडी गल्लीत येऊन उभी राहिली. भाचीने सगळ्यांना बजावलं, "एका जागी भरायचं नाही. गोल फिरत थराथराने जायचं. ओलं काँक्रीट जड असतं, एकदम उंच भरलं तर साचा फुटतो."

सोंडेचं तोंड धरायला कोण? मिस्त्री. एक फेरी त्यांनी शहाण्यासारखी मारली. मग भाची पंपवाल्याशी बोलायला वळली आणि हे पत्रेवाल्याच्या बाजूच्या कोपऱ्यावर अडकले. कोपरा भक्कम तर घर भक्कम, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. भर, भर, अजून भर.

सिस्टर नुकतीच ड्यूटीवरून आली होती. अंगावर पांढरा गणवेश, हातात चहाचा कप. तिने पाहिलं तर कोपऱ्याचं फोम हळूहळू फुगत होतं, दाढ सुजलेल्या गालासारखं.

"अहो! भिंत सुजली!"

कुणी मागे वळेपर्यंत तिने कप फेकला आणि पाठ लावून कोपऱ्याला टेकून उभी राहिली. काय वाटलं तिला, ती धरून ठेवणार होती? पण धरली खरी. पंप बंद झाला, भाची ओरडत आली, तिच्या माणसांनी फळ्या आणल्या, सिस्टरच्या दोन्ही बाजूंनी स्क्रू मारले, टेकू ठोकले आणि मग तिला मधून ओढून बाहेर काढलं. खांद्यापासून खाली करड्या चिखलाचे ओघळ.

"रात्रभर माणसं सावरायची आणि सकाळी भिंती," ती म्हणाली. "मला बांधकामावर तरी घ्या. निदान दुपारची सुट्टी मिळेल."

सोंड दुसऱ्याच्या हातात गेली. उरलेलं काम भाचीने सांगितलं तसं झालं, काँक्रीट वरपर्यंत आलं, माथा सारखा केला. दिवसभर ज्याचं त्याचं लक्ष त्या सुजलेल्या कोपऱ्यावर. पाइपाची आठवण एकालाही झाली नाही.

पुढचं सिस्टरला मागाहून कळलं, पण मी आत्ताच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी मिस्त्री परांची सोडायला गेले. पाइप ओढला. पिळला. पाय देऊन ओढला. घण घातला. पाइप काही भिंतीला सोडीना. इकडे तिकडे बघितलं, भाची अजून यायची होती. ग्रायंडर आणून त्यांनी पाइप दोन्हीकडून भिंतीबरोबर कापला, आतल्या तोंडाला फोमचा तुकडा कोंबला, वरून हलकासा गिलावा ओढला, आणि तोंडाला कुलूप लावलं. बाहेरचं तोंड राहिलं उघडंच, कारण तिथे तोवर पत्रेवाल्याने पत्र्यांची चवड उभी केली होती. ग्रायंडरचा आवाज सिस्टरने ऐकला होता. तिला वाटलं, पत्रेवाल्याचंच नवीन काहीतरी सुरू झालं.

छत पडलं, जाड दार बसलं, घराकडच्या बाजूला दुहेरी काचेची खिडकी बसली. आता पलंग. मिस्त्री म्हणाले, उशी खिडकीकडे कर. सिस्टर म्हणाली, उजेड डोळ्यांवर येतो, कोऱ्या भिंतीकडे करते. त्यांनी पलंग फिरवला. ती बाजारातून आली आणि तिने पुन्हा फिरवला. त्यांनी पुन्हा फिरवला.

"तुमचं काय बिघडतंय हो? झोपायचं मला आहे!"

"हवा खेळती राहते," मिस्त्री म्हणाले. दुहेरी काचेच्या बंद खिडकीजवळ हवा खेळती राहते म्हणे! तिने पलंग कोऱ्या भिंतीला लावला आणि त्यावर बसून राहिली, ते निघून जाईपर्यंत.

पहिल्या सकाळी तिने दार लावून घेतलं तेव्हा तिला आधी भीतीच वाटली, कानाला काही झालं की काय. मग आपलाच श्वास ऐकू आला. चादर सरकलेली ऐकू आली. डोळ्यांत पाणी आलं बाईच्या. आडवी झाली, उशीवर गाल टेकला.

टिंग.

डोकं उचललं. काही नाही. टेकलं. टिंग, टिंग. बारीक, स्वच्छ, कानाच्या भोकात कुणी पेल्यावर चमचा वाजवावा तसं. उठून खोलीभर फिरली, सगळीकडे शांत. उशीवर आली की टिंग. एवढा मोठा धाड बाहेर राहिला आणि हे एवढंसं पिल्लू आत कुठून आलं? दुपारपर्यंत ती उठून बसली होती.

"लागली का झोप?" मिस्त्रींनी विचारलं. आवाजात फार साखर होती.

"भिंत टिंगटिंगते."

"भिंत कशी टिंगटिंगेल? तुझे कान वाजतायत. इतकी वर्षं ऐकलंस, आता कानात बसलाय तो आवाज. डॉक्टरला दाखव."

गेली बिचारी. इस्पितळातल्याच कानाच्या डॉक्टरने बत्ती लावून दोन्ही कान बघितले, मशीनवर तपासले आणि म्हणाला, "सिस्टर, कान विशीतल्या पोरीचे आहेत. तुम्हाला झोपेची गरज आहे." तिला त्याचा गळा धरावासा वाटला. त्या रात्रपाळीत मेट्रनने दोनदा वॉर्डात डोकावून तिच्याकडे बघितलं. कपड्यांच्या खोलीची किल्ली तिच्या बोटाला लटकत होती.

सकाळी सिस्टर पलंगावर डोळे टक्क उघडे ठेवून पडली, येऊ दे म्हणावं टिंग. टिंग आलं नाही. त्याऐवजी उशीतून तिचा नवरा बोलायला लागला.

"हळू बोल. ती झोपलीय."

"मग आत्ताच कशाला आलात, मिस्त्री?" हा पत्रेवाला.

"ती जागी असली की विचारते, कुठे निघालात. ही तुझी चवड सरकव जरा. हं. हे बघ."

"अरे बाप रे. हे भोक आरपार आहे?"

"आतून लिंपलंय. दिसत नाही."

"दिसत नाही, पण ऐकू येत असेल की! माझा ठोकायचा ओटा बरोब्बर याच्या तोंडाशी आहे. वहिनी काही बोलल्या नाहीत?"

"बोलली. मी म्हटलं, तुझे कान वाजतात."

"आणि पटलं त्यांना?"

"डॉक्टरकडे जाऊन आली."

पत्रेवाला म्हणाला, "मिस्त्री, तुमचं काही खरं नाही."

"कळलं तर ना. तू थोडा वेळ ठोकू नकोस, मी बाहेरून गुपचूप सिमेंट भरतो. संपला विषय."

सिस्टर उठून बसली. गणवेशाच्या खिशातली कात्री काढली, भिंतीवर हात फिरवत गेली आणि उशीच्या जरा वर, जिथे गिलावा पोकळ लागला, तिथे तिने टोक खुपसलं. पापुद्रा निघाला, फोमचं बूच निघालं. मागे गोल, काळी नळी, आणि नळीच्या टोकाला उजेड. तिने तोंड नळीला लावलं.

"कळलं!"

पलीकडे पत्र्यांची अख्खी चवड कोसळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आवाज तिला गोड लागला.

"अहो, हलू नका तिथून. नळीशी या."

उजेड गेला. नळीच्या टोकाला मिस्त्रींचा एक डोळा आला.

"माझे कान वाजतात काय?"

डोळा मिटला, उघडला.

"आमच्याच डॉक्टरपुढे बसून आले मी! मशीन लावून घेतलं! तिकडे मेट्रन किल्ली हलवतेय, इथे मी खुळी झाले असं समजून रडतेय, आणि तुम्हाला सगळं ठाऊक! सांगायला काय झालं होतं?"

"तू म्हणाली असतीस," नळीतून आवाज आला, "जगाच्या भिंती बांधल्या आणि बायकोच्या खोलीला भोक पाडलं."

"म्हणालेच असते!"

"हां, मग."

त्या "हां, मग" मध्ये माणूस इतका चपटा झालेला होता की सिस्टरला पुढचं वाक्य सापडेना. त्याचाही तिला रागच आला. इतकं साठवलेलं, आणि ऐन वेळी समोरचा असा बसका निघावा!

"वहिनी," बाजूने पत्रेवाल्याचा आवाज आला, "माझा यात काही संबंध नाही हं."

"तुमचा ओटा तिथून हलवा आधी. सोज्वळपणा नंतर."

भाचीला बोलावलं. ती आधी पोट धरधरून हसली, मामाच्या पाठीवर थाप मारली आणि मग म्हणाली, नळी भिंतीत राहिली तर राहू दे, पोकळ राहता कामा नये. मिस्त्रींनी घट्ट माल कालवला, चुरून, मळून, आपल्या हाताने. बाहेरून भरत गेले आणि सळईने ठोसत गेले. आतून सिस्टर पलंगावर मांडी घालून बसली होती, हातात बत्ती, नळीत नजर. जा म्हटलं तरी जाईना. "मला बघायचंय. डोळ्यांनी. तुमच्या शब्दावर आता मी पाणीसुद्धा पिणार नाही." पलीकडचा उजेड चतकोर झाला, मग रेघ झाला, मग गेला. आतलं तोंडही त्यांनी येऊन भरलं, फोमचा तुकडा बसवला, गिलावा ओढला आणि ओल्या कपड्याने कडा पुसल्या. ते काम मात्र बघत राहावं असं होतं. तिने ते बोलून दाखवलं नाही.

माल वाळेपर्यंत ती कपाटाच्या आडोशालाच पडली. मग एका सकाळी ड्यूटीवरून आली, चहा घेतला, खोलीत जाऊन दार ओढलं आणि उशीवर डोकं टेकून वाट बघितली. काही नाही. अजून वाट बघितली. काहीच नाही. हातपाय सैल पडायला लागले.

दार उघडलं. "झोपलीस का?"

"झोपत होते!"

दार लागलं. डोळे मिटतायत तोच पुन्हा उघडलं. "नाही, विचारायचं होतं, येतोय का आवाज?"

"तुमचा येतोय!"

ती उठली, त्यांना बाहेर ढकललं, आतून कडी घातली आणि परत येऊन पडली. थोड्या वेळाने उजेड हलला म्हणून डोळा किलकिला केला, तर मिस्त्री खिडकीशी. काचेला नाक लावून उभे. पत्रेवाल्याच्या दिशेने बोट दाखवत होते, हवेत हातोडा मारून दाखवत होते, भुवया वर करून विचारत होते. मग त्यांचा हात खाली आला आणि ते बोलायलाच लागले. बराच वेळ बोलत राहिले, मान खाली घालून, मधेच भिंतीकडे बघत. माफी मागत होते की अजून एखादी सबब सांगत होते, कोण जाणे. दुहेरी काचेतून एक अक्षर आत येत नव्हतं.

सिस्टरने हात लांब करून पडदा ओढला.